तेलाची तरतूद

आपल्या नगरात कलाभवन उभे राहावे आणि त्याच्या पटांगणात अशी एखादी कलाकृती असावी की जी दुरून न्याहाळण्यापुरती नसून जिच्याजवळ जावे, जिला हात लावावा, जिच्यातून चालत जावे आणि जिने आपल्या हालचालीला तिच्या परीने उत्तर द्यावे, ही आकांक्षा स्तुत्य आहे, आणि ती आता मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाही. आमच्या बाजूच्या नगरपरिषदांतूनही अशा कामांविषयी माझ्याकडे अधूनमधून विचारणा होते. कारण अशाच एका कामाच्या समितीवर मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक या नात्याने पहिल्या बैठकीपासून शेवटच्या पंचनाम्यापर्यंत बसलो होतो. त्या कामाची हकीकत ऐकून कोणाचा पैसा आणि त्याहून मोलाचा असा उत्साह वाचणार असेल, तर ती सांगणे हे माझे कर्तव्य होय. गावाचे, संस्थेचे किंवा व्यक्तीचे नाव मी घेत नाही, कारण जे तेथे घडले ते कोठेही घडण्याजोगे आहे.

माझे वास्तव्य कपिलधारजवळचे. बीडहून मांजरसुंब्याच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात शिरले की दरीच्या कुशीत मन्मथस्वामींचे समाधिस्थान आहे आणि शेजारी कड्यावरून कोसळणारी ती धार आहे. कार्तिकी पौर्णिमेला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून आणि तेलंगणातून दिंड्या येतात, आणि पाऊसकाळ चांगला झालेल्या वर्षी त्या धारेखाली जो समुदाय लोटतो त्यात लेकराला खांद्यावर धरून भिजणारा बाप असतो, तांब्या भरून घेणारी सासुरवाशीण असते, कातळाला तळहात टेकवून निश्चल उभा राहिलेला वृद्ध असतो. येथे काय करावे हे कोणी कोणाला सांगत नाही. पाणी आणि माणूस यांचा व्यवहार आपोआप जुळतो.

समितीने निवडलेला कलावंत मुंबईचा होता, तरुण आणि विद्वान होता, आणि त्याने कपिलधारला येऊन हे सारे पाहिले होते. त्याची कल्पना अशी की कलाभवनाच्या पटांगणात पोलादी चौकटीवरून पाण्याचा एक पडदा अखंड पडत राहावा आणि माणूस जवळ येताच तो पडदा नेमका त्याच्यापुरता दुभंगावा, म्हणजे न भिजता धारेतून पलीकडे गेल्याचा आनंद प्रत्येकाला मिळेल. या जातीचा प्रयोग परदेशी होऊन गेला आहे. लंडनच्या बार्बिकन सेंटरमध्ये 2012 साली ‘रेन रूम’ नावाची कृती मांडली गेली, तिच्यात शिरणाऱ्याच्या डोक्यावरचा पाऊस सेन्सरच्या योगे थांबे. पुढे 2018 साली शारजा येथे तिला कायमचे घर मिळाले. मात्र ती बंदिस्त दालनातली आहे आणि तिथले पाणी गाळून पुन्हा फिरवले जाते. आमचा पडदा उघड्यावर पडायचा होता, आणि तोही अशा मुलखात, जेथे 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

ही आठवण बैठकीत निघाली नाही असे नव्हे. निघाली, इतिवृत्तात तिची नोंद झाली, आणि ‘पाण्याची व्यवस्था स्वतंत्रपणे करण्यात येईल’ या एका वाक्याखाली ती झाकली गेली. सरकारी कामातले असे कर्मणी वाक्य जेथे दिसेल तेथे वाचकांनी थांबावे आणि ‘कोण करील?’ असे विचारावे, कारण ज्या वाक्याला कर्ता नसतो त्या कामालाही बहुधा कर्ता लाभत नाही.

पुढची अडचण दप्तराची होती. शासनाच्या दरसूचीत विटा, सिमेंट, खोदाई, वायरिंग या साऱ्यांचे दर सापडतात. कलाकृती ही बाब तेथे नसते. तेव्हा अंदाजपत्रक बसवण्यासाठी कामाचे तुकडे पाडले गेले. चौकट स्थापत्याच्या नावावर, मोटार आणि दिवे विद्युतकामाच्या नावावर, आणि उरलेले ‘सुशोभीकरण’ या शीर्षाखाली. निविदा निघाली, सर्वांत कमी दराची मंजूर झाली, आणि ज्याने हे सारे कल्पिले होते तो कलावंत ठेकेदाराचा पोटठेकेदार होऊन बसला. आराखड्यात गंजरोधक पोलादाची जी प्रत त्याने लिहिली होती ती बदलली तेव्हा त्याला विचारण्याची कराराने कोणावर सक्ती नव्हती. शिवाय उद्घाटनाची तारीख आधी ठरली आणि कामाची मुदत तिच्यावरून मागे मोजली गेली. समारंभाच्या मुहूर्ताला बांधलेल्या कामाचे काय होऊ शकते, हे मालवणच्या राजकोट किल्ल्यावर साऱ्या महाराष्ट्राने पुढे व्यथित अंतःकरणाने पाहिलेच. 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला.

तथापि आमचे काम सुरू झाले त्या दिवसांविषयी मी कृतज्ञतेनेच बोलेन. संध्याकाळी पटांगण माणसांनी फुलून जाई. एकदा नऊवारीतल्या एका आजींनी, नात पुढे ओढीत असताना, पदराचा शेव मुठीत धरून दुसरा हात भीतभीत त्या पाण्याकडे केला. पडदा हाताच्या रुंदीइतकाच दुभंगला. त्यांनी हात मागे घेतला, पाणी मिटले. पुन्हा पुढे केला, पुन्हा वाट झाली. मग त्या पडद्याला नमस्कार करून आजी सावकाश पलीकडे गेल्या. ज्या कलेपुढे जन्मभर ‘हात लावू नये’ अशी पाटी वाचलेली, ती कला आपल्याला ओळखते आणि वाट देते, हा अनुभव सामान्य माणसाला किती मोठा वाटतो, हे मी त्या दिवशी पाहिले, आणि म्हणूनच अशा कामांच्या विरुद्ध मी कधीही बोलणार नाही.

पण नमस्कारापाठोपाठ फुले आली, फुलांपाठोपाठ नाणी आणि हळदीकुंकू. यात गैर काय? वाहत्या पाण्याला फूल वाहणे हा आपल्या लोकांचा शतकानुशतकांचा आचार आहे. कलाकृतीने तो गृहीत धरायला हवा, लोकांनी कलाकृतीसाठी तो टाकावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. पाकळ्या आणि देठ गाळणीत अडकू लागले. गाळणी रोज कोणी साफ करायची याचा उल्लेख कोठेच नव्हता. पहारेकऱ्याचे ते काम नव्हते, सफाई कामगाराला चौकटीला हात लावण्याची मनाई होती. टाकीत बोअरचे पाणी भरले जाई. नॉझलमधून धारा वेड्यावाकड्या उडू लागल्या तेव्हा बोलावलेल्या प्लंबरने एक नॉझल आटे फिरवून माझ्या तळहातावर ठेवले. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाशी साचतो तसा कडक पांढरा थर आत बसला होता आणि मधल्या छिद्रातून सुईसुद्धा जाईना. ‘हे पाणी नाही गुरुजी, चुनाच हाय,’ एवढेच तो म्हणाला. अशी शेकडो छिद्रे त्या चौकटीत होती.

नंतर 2018 चा पावसाळा मराठवाड्याला दगा देऊन गेला आणि पिण्याखेरीज अन्य कामासाठी पाणी वापरू नये असा हुकूम निघाला. तो योग्यच होता. टँकरपुढे घागरींची रांग लागलेल्या गावात पाण्याचा पडदा पाडणे ही कलेची सेवा नव्हे. परंतु पडदा बंद ठेवल्यावर यंत्राची निगा कशी राखावी हेही कोणी लिहून ठेवले नव्हते. मोटार धरली, उंदरांनी केबल कुरतडली, आणि पुन्हा सुरू करू म्हणता कळले की ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी संपून अनामत रक्कमही परत गेली आहे, आणि ज्या संगणकीय प्रणालीवर सारे चाले तिचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या एका तंत्रज्ञापाशी आहे. चौकटीभोवती पत्रे ठोकले गेले. लेखापरीक्षणात निष्फळ खर्चाचा शेरा आला, आणि त्या शेऱ्याच्या धास्तीने एके दिवशी गॅस कटरने ती चौकट कापून भंगारात काढण्यात आली. कलावंताला हे वर्तमानपत्रातून कळले.

येथे कायद्याचे एक कलम प्रत्येक नगरपरिषदेने आणि प्रत्येक कलावंताने ध्यानात ठेवावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 57 व्या कलमान्वये कलाकृतीचे हक्क विकल्यानंतरही तिची नासधूस वा विद्रूपीकरण यांविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार कर्त्यापाशी राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सेहगल यांचे भव्य ब्राँझ भित्तिशिल्प 1979 साली सरकारने उतरवून गोदामात टाकले. त्यांनी दाद मागितली, आणि 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा निर्णय दिला. तेव्हा कलाकृती केव्हा, कोणाला विचारून आणि कोणत्या रीतीने हलवावी वा काढावी, हे कलम ती उभारण्यापूर्वीच करारनाम्यात लिहिले पाहिजे. मृत्युपत्र करणे अशुभ मानून पुढे ढकलणारी कुटुंबे पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढताना आपण पाहतोच.

माझे मुख्य सांगणे मात्र याहून जुने आहे. आपल्या देवालयांत नंदादीप लावून देणारा केवळ समई अर्पण करून मोकळा होत नसे. तिच्या तेलासाठी जमीन किंवा रोकड लावून देई, आणि तसा दस्त शिळेवर वा ताम्रपटावर कोरवून ठेवी. दिवाबत्तीचे इनाम हा शब्दप्रयोग आमच्या भागातल्या जुन्या कागदपत्रांत जागोजागी आढळतो. औरंगाबादची पाणचक्की पाहा: डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी आणून ती फिरवली गेली, आणि तिच्या पिठावर दर्ग्यातल्या फकिरांचे आणि वाटसरूंचे अन्न शिजे. म्हणजे जे पाहायला सुंदर होते त्याच्या चालू राहण्यात रोज कोणाचा तरी घास गुंतलेला होता. आजची नगरपरिषद समई घेते, तेलाचा प्रश्न पुढच्या सभेवर टाकते, आणि पुढच्या सभेत दुसरेच लोक बसलेले असतात.

ज्या कलाकृतीला लोकांनी हात लावावा असे आपण म्हणतो, तिला रोज पुसणारा हातही नेमला पाहिजे. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे शिकागोतील ‘क्लाउड गेट’ हे आरशासारखे पोलादी शिल्प जगभर प्रसिद्ध आहे. परंतु त्याचा माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंतचा भाग दिवसातून दोनदा हाताने पुसला जातो आणि संपूर्ण शिल्प वर्षातून दोनदा धुतले जाते, हे आपल्याकडे क्वचितच कोणी सांगते. उलट हंपीच्या विठ्ठल मंदिरातील नादस्तंभ लोकांनी वाजवून वाजवून झिजवले, आणि आता त्यांना हात लावण्यास मनाई आहे. ज्याला यंत्र नको, वीज नको आणि पाणीही नको, असे उत्तर देणारे बांधकाम पाहायचे असेल तर विजापूरच्या गोलघुमटात जावे. भिंतीशी पुटपुटलेला शब्द समोरच्या टोकाला ऐकू येतो, आणि साडेतीन शतके लोटली तरी त्याला पासवर्ड लागलेला नाही. आमच्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात कलावंताला प्रथम हीच दिशा सुचवावी: दगड, सावली, वारा, प्रतिध्वनी. पाणी असलेच तर पावसाळ्यात चालेल आणि उन्हाळ्यात कोरडे असतानाही ज्याची शोभा जाणार नाही, असे असावे.

करारनाम्याविषयी थोडे तपशिलाने सांगतो. कलाकृतीचे काम सुशोभीकरणात दडवू नका. तिचे स्वतंत्र शीर्ष काढा, आणि प्रथम चार-पाच कलावंतांना मोबदला देऊन कल्पनाचित्र व छोटी प्रतिकृती मागवा. फुकट मागवलेली कल्पना फुकटाच्याच विचाराने केलेली असते. सामानाची प्रत बदलायची तर कलावंताची लेखी संमती बंधनकारक करा. अनामत रकमेचा मोठा भाग किमान एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक मोठी यात्रा वा सण पार पडेपर्यंत अडकवून ठेवा, कारण यंत्राची खरी परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, गर्दीच्या आणि धुळीच्या दिवशी होते. आराखडे, प्रणाली, पासवर्ड आणि सुट्या भागांची यादी नगरपरिषदेच्या दप्तरात जमा झाल्यावाचून शेवटचे बिल निघू देऊ नका. आणि भाग असे निवडा की जे बीडच्या बाजारात मिळतील व गावचा प्लंबर किंवा वायरमन ते बदलू शकेल. त्या प्लंबरला आणि वायरमनला पहिल्याच बैठकीला बोलवा. आमच्या समितीत प्राध्यापक होते, वकील होते, पदाधिकारी होते. ज्याने नॉझल उघडून दाखवले त्याला मात्र पाणी अडल्यावर बोलावणे गेले. तो आधी आला असता तर बोअरच्या पाण्याचा गुण त्याने चहा संपायच्या आत सांगितला असता.

आणि मूळ खर्चातूनच एक रक्कम बाजूला काढून ती बँकेत मुदत ठेवीत ठेवा; तिच्या व्याजातून देखभाल व्हावी, मूळ रकमेला कोणी हात लावू नये, असा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या. फिलाडेल्फिया शहराने 1959 सालीच बांधकामाच्या खर्चाचा शेकडा एक भाग कलेसाठी राखण्याचा नियम केला. आपण त्याच्या पुढे एक पाऊल टाकून कलेच्या खर्चाचा एक भाग तिच्या निगेसाठी राखावा. कलाकृती त्यामुळे लहान झाली तर होऊ द्यावी.

आपल्यापैकी कोणाच्या नगरात असे काम निघत असेल तर करारनाम्याचा मसुदा मंजुरीपूर्वी सार्वजनिक वाचनालयात ठेवण्याचा आग्रह धरा आणि त्यात देखभालीचे पान प्रथम उघडून पाहा. ते पान कोरे असेल तर समितीवर असूनही सही करू नका. त्या पटांगणात कडुनिंब लावा, त्याच्या पाराला दगडी बाक करा, आणि उरलेला पैसा गावातल्या मुलांच्या चित्रकलेच्या वर्गाला द्या.