मुळें तुटलेली आमरी

वादळानें फांदी मोडली कीं तिच्यावरची सीतेची वेणी खालीं येते, आणि पुष्कळ बागाइतदार तिला बांडगूळ समजून उकिरड्यावर टाकतात. वस्तुतः ही आमरी झाडाचा रस शोषीत नाहीं. साल हा तिचा केवळ आधार. मुळें गेलीं, तरी शेंडा घट्ट व हिरवा असल्यास ती टाकूं नये, असें आम्ही निक्षून सांगतों.

कुजलेलीं मुळें स्वच्छ चाकूनें कापून जखमा दिवसभर सावलींत सुकूं द्याव्या. मग रोप आंब्याच्या खडबडीत सालीवर, उन्हाच्या आड, काथ्यानें न हलेल असें बांधावें. चूक होते ती पाण्याची. पानें सुरकुतलेलीं पाहून लोक घागर ओततात. परंतु तें पिण्यास मुळेंच नाहींत, आणि पोंग्यांत सांचलेलें पाणी गाभा कुजवितें. सबब सकाळीं तुषार उडवून भोंवतालची हवा ओलसर राखावी. हिरव्या टोंकाचें नवें मूळ दिसेपर्यंत खताचें नांव काढूं नये.