‘इयम’ प्रत्ययाची कथा

सोडियम, कॅल्शियम, रेडियम, हेलियम ही मूलद्रव्यांची नावे उच्चारली असता त्यांचा शेवट सारखाच आहे, हे कानांना सहज कळते. हा ‘इयम’ प्रत्यय लॅटिन भाषेतून आला आहे.

प्राचीन रोमन लोक सोन्याला ‘औरुम’, रुप्याला ‘अर्जेंतुम’ व लोखंडाला ‘फेर्रुम’ म्हणत. ही नामे नपुंसकलिंगी असून ‘उम’ ही त्या लिंगाची खूण होय. मराठीतही सोने, रुपे व लोखंड ही नामे नपुंसकलिंगीच आहेत. संस्कृतातील ‘सुवर्णम्’, ‘रजतम्’ या शब्दांतील ‘अम्’ आणि लॅटिनमधील ‘उम’ ही तर एकाच आदिभाषेची भावंडे. बैलांच्या मानेवरील जुवास संस्कृतात ‘युगम्’ व लॅटिनमध्ये ‘युगुम’ म्हणत, यावरून हे नाते ध्यानात येते.

इ. स. १८०७ मध्ये लंडन येथे हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने पोटॅश व सोडा यांतून विजेचा प्रवाह सोडून दोन नवे पदार्थ वेगळे केले. ते चाकूने कापता येण्याइतके मऊ आणि पाण्यावर तरंगण्याइतके हलके होते. असले पदार्थ धातू कसे म्हणावे? परंतु त्यांची चकाकी आणि वीज वाहून नेण्याचा गुण पाहून डेव्हीने त्यांना धातूंच्या पंक्तीत बसविले व पोटॅशियम आणि सोडियम अशी नावे दिली. युरेनियमसारख्या काही नावांत हा प्रत्यय पूर्वीच आला होता. आता ती प्रथा दृढ झाली.

पुढे १८६८ मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा आढळली. ती एखाद्या नव्या धातूची असावी, या समजुतीने नॉर्मन लॉकियर यांनी ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य या ग्रीक शब्दावरून त्या द्रव्यास ‘हेलियम’ हे नाव दिले. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना ते पृथ्वीवर सापडले, तेव्हा तो वायू ठरला! त्याचे सोबती आर्गॉन व निऑन यांच्या नावांचा शेवट ‘ऑन’ असा आहे. हेलियमला मात्र धातूचाच प्रत्यय कायम चिकटला.

हा प्रत्यय आजही जिवंत आहे. २०१६ मध्ये जपानच्या ‘निहोन’ या नावावरून एका मूलद्रव्यास ‘निहोनियम’ असे नाव मिळाले. नावाचा आरंभ वस्तूचे मूळ सांगतो. शेवट मात्र माणसाने तिला काय मानले, ते सांगतो.