चहा करण्याची रीत

चहा काय, कोणालाही येतो, असं तुम्ही म्हणाल. पातेल्यात पाणी, दूध, साखर, पूड सारं एकदम टाकायचं आणि खळखळा उकळायचं. झाला चहा! पण तो चहा नव्हे, काढा. तो कडू होतो. मग कडूपणा मारायला आणखी साखर लागते. साखर काय फुकट येते?

चहाचे मळे आसामात आहेत, दार्जिलिंगला आहेत, दक्षिणेत निलगिरीवरही आहेत. शेंड्याची कळी आणि दोन कोवळी पानं खुडतात. आपली दाणेदार पूड यंत्रात पानं चिरडून, फाडून, वळून करतात आणि सुकवतात. म्हणून तिचा रंग झटकन उतरतो. तिला फार उकळी लागत नाही.

आता दोन माणसांचा चहा करू. दीड कप पाणी चुलीवर ठेवा. आलं घालायचं तर ठेचून पाण्यातच घाला. गवती चहाची पातही तेव्हाच. साखर बेतानं. आधण आलं की दोन लहान चमचे पूड टाका आणि जाळ मंद करा. दोन मिनिटं पुरे. मग तापवलेलं अर्धा कप दूध घाला. एक उकळी आली की पातेलं उतरवा, झाकण ठेवा, जरा मुरू द्या. मग गाळा. गुळाचा चहा असेल तर दूध चुलीवर घालू नका, फाटेल. चहा खाली उतरवून गाळावा आणि दूध वरून घालावं.

आता एक गोष्ट बायाबापड्यांसाठी. पाहुण्यांना ताजा चहा जातो. घरची बाई मात्र त्याच चोथ्यावर पाणी ओतून उकळते, आणि त्यावर दुपार काढते. चहानं भूक मरते, पोट भरत नाही. शिवाय जेवताना किंवा जेवल्याबरोबर चहा घेतला, तर त्यातला तुरट अंश भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाही. लोह नाही तर रक्त नाही. गरोदर बाईनं तर हे नक्की सांभाळावं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर असावं. आणि लहान पोरांना बशीत चहा ओतून देण्याची आपली खोड वाईट. त्यांना दूध द्या, नाही तर पेज द्या.

सुटी पूड स्वस्त मिळते, पण पारखून घ्या. पांढऱ्या टीपकागदावर चिमूटभर पूड पसरा, वर पाणी शिंपडा. लगेच गडद डाग पसरला, तर वरून रंग लावलेला आहे. वापरलेला चोथा सुकवून, रंगवून विकणारेही असतात. अशी पूड परत करा.

गाळलेला चोथा पाण्यानं धुवा, म्हणजे साखर निघून जाते आणि मुंग्या लागत नाहीत. मग तो गुलाबाच्या बुंध्याशी मातीत मिसळून द्या. खत होतं.