स्टेजसाठी कोणता पियानो?

प्रश्न : आमच्या वाद्यवृंदासाठी कीबोर्ड घ्यायचा आहे. यामाहा सीपी-८८, रोलँड आरडी-२००० आणि नॉर्ड स्टेज, तिन्हींचे पियानो दुकानात छानच वाटले. निवडायचं कसं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुकानात सगळेच छान वाटतात; आपण एकटेच वाजवत असतो आणि रिव्हर्ब चालू असतो. आधी तो बंद करा. मधल्या सप्तकातली एकच पट्टी हलक्या हाताने सुरू करून जोर वाढवत वाजवा. आवाज नुसता मोठा होतो की त्याचा पोतही बदलतो? मध्येच पायरी जाणवली, तर सॅम्पलचे थर अपुरे. मग खर्जातला सूर विझेपर्यंत धरून ठेवा. रेकॉर्डिंगचा छोटा तुकडा फिरवलेला असेल, तर तो लवकरच एकसुरी गुणगुणू लागतो.

मोनोची परीक्षा मात्र चुकवू नका. स्टिरिओ पियानो हॉलच्या मोनो साउंडवर गेला की काही स्वर पोकळ होतात. म्हणून दुकानातच मोनोत वाजवून ऐका; दुकानदार वैतागला तरी चालेल.

नॉर्डमध्ये कंपनीच्या लायब्ररीतून वेगवेगळे पियानो भरता येतात. आरडी-२००० मध्ये सॅम्पलखेरीज गणिती मॉडेलवर चालणारा व्ही-पियानोही आहे. सीपी-८८ मधला बोझेनडॉर्फर पियानोचा आवाज एकट्याने वाजवायला सुरेख. पण ढोलकी-ऑक्टोपॅडच्या गदारोळात मी त्यातलाच उजळ सीएफएक्स निवडेन.