निकालपत्रक कसे वाचावे?

पालक बंधू-भगिनींनो, सन्माननीय विश्वस्त आणि विद्यार्थी मित्रांनो,



निकालाच्या दिवशी आपल्या जयेंद्रगंजातल्या शाळेच्या फाटकाशी एकच प्रश्न ऐकू येतो, "किती टक्के आले?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत अशी आमची विनंती आहे. गुण कोठे गेले? आणि मुलाला नीट वाचता येते का?

आधी थोडे शब्दांविषयी. आपली मुले घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात. मराठीत 'निकाल' म्हणजे परीक्षेचे फळ, हिंदीत 'निकाल दो' म्हणजे बाहेर काढा. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. ही गंमत खरी, पण मूल मागे पडले की पालकांच्या मनात याच दोन शंका येतात. शाळा काढून तर टाकणार नाही? मारणार तर नाही? म्हणून नियम स्पष्ट सांगतो.

१. प्रवेश : शिक्षणाचा अधिकार कायदा २००९ सालचा असून १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा आई-वडिलांची चाचणी घेता येत नाही, देणगीही मागता येत नाही.

२. दंड : याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे, दोन्ही मना आहे. चारचौघांत "ढ" म्हणणे आम्ही छळातच धरतो. तक्रार असल्यास सरळ आमच्याकडे यावे, संकोच करू नये.

३. पाचवीची परीक्षा : मूळ कायद्यात आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवता येत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा आली. आपल्या प्रदेशात राज्य शिक्षा केंद्र ती बोर्डाच्या धर्तीवर घेते, आणि २०२२-२३ च्या सत्रापासून खाजगी शाळाही तीत आल्या. उत्तीर्ण होण्यास ३३ टक्के गुण लागतात. कमी पडल्यास पुन्हा परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर मूल पाचवीतच राहू शकते. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. निकाल म्हणजे 'निकाल देना' नव्हे, हे मुलांनाही सांगावे.

प्रदेशात पाचवीचा निकाल २०२३ साली सुमारे ८२ टक्के, २०२४ साली सुमारे ९१ टक्के आणि २०२५ साली सुमारे ९३ टक्के लागला. आकडे चढते आहेत, आनंद आहे. परंतु ३३ टक्के मिळणे म्हणजे विषय येणे नव्हे. १०० पैकी ६७ गुण गेले तरी अंकसूचीवर 'उत्तीर्ण' असेच छापले जाते.

येथे आमची एक चूक सांगणे भाग आहे. परीक्षेची भीती नव्हती त्या वर्षांतली गोष्ट. एक मुलगा दरवर्षी पुढच्या वर्गात जात पाचवीत आला. गणितात तो कच्चा, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले होते. एके दिवशी त्याला जवळ बसवून आम्ही उदाहरण तोंडी घातले. त्याने बोटे मोजली आणि उत्तर बरोबर सांगितले. मग तेच पुस्तकात वाचायला दिले, तर दुसऱ्याच शब्दावर अडला. कमतरता गणिताची नव्हती, वाचनाची होती. चार वर्षे ती आमच्या ध्यानात आली नाही, आणि घरीही कोणी विचारले नाही, कारण निकालपत्रकावर सारे ठीक होते.

तेव्हापासून तिसरीच्या प्रत्येक मुलाला आम्ही एकेकटे बसवून न पाहिलेला उतारा वाचायला देतो. त्याला गुण नसतात. २०२१ साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'निपुण भारत' मोहिमेचाही हेतू हाच की तिसरीच्या अखेरीस मुलाने समजून वाचावे आणि साधे हिशेब करावेत.

आपल्या घरांतली एक अडचण वेगळी आहे. आजी शिकवते बेरीज, वजाबाकी, हातचा, नफा, तोटा. पुस्तकात असते जोड़, घटाना, हासिल, लाभ, हानि. मुलाला क्रिया येते, शब्द अडतो. यावर उपाय मराठी सोडणे हा नाही. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, आणि घरच्या मराठीने आमचे काही बिघडले नाही. दोन्ही भाषांची लिपी एक आहे, एकीत वाचनाची सवय लागली की दुसरीत उपयोगी पडते. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली लष्कर वसवले तेव्हापासून आपली माणसे या दोन भाषांत राहत आली आहेत. १९६१ साली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरात भरले आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. असे घर मुलाला ओझे वाटू नये.

पालकांनी एवढे करावे :

• निकालपत्रक हाती आल्यावर उत्तरपत्रिका पाहण्यास शाळेत यावे. उत्तर चुकले, की प्रश्नच कळला नाही, की वेळ पुरला नाही, हे मुलाजवळ बसून पाहावे.

• रोज दहा मिनिटे मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे, एक दिवस हिंदी, एक दिवस मराठी. दुकानाची पाटी, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, काहीही चालेल.

• गणिताचा मराठी शब्द सांगताना हिंदी शब्दही सांगावा.

• शेजारच्या मुलाच्या टक्क्यांशी तुलना करू नये. मागच्या सहामाहीतल्या आपल्याच मुलाशी करावी.

विश्वस्त मंडळास विनंती की बैठकीत उत्तीर्णांच्या टक्केवारीबरोबर तिसरीतली किती मुले अडखळत वाचतात हेही आम्हाला विचारावे. विचारणारे असले की आमचेही लक्ष राहते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, वाचताना अडलात तर लाजू नका. हात वर करा. तुम्हाला शिकवायलाच आम्ही आहोत.

आपले,
मुख्याध्यापक व शिक्षकवृंद