उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नव्हे

दोहातल्या अल हिलालमध्ये आमचं बिऱ्हाड आहे. इथे वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी मी मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर एक छोटं खातं चालवतो. रोज एक मराठी शब्द, त्याचा अर्थ आणि एक वाक्य. सुरुवातीला हातानेच टाकायचो. मग पायथनमध्ये चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला, भाड्याच्या सर्व्हरवर ठेवला आणि निर्धास्त झालो.

एका गुरुवारी रात्री सव्वादहाला पुण्याहून आतेभावाचा फोन आला. तिकडे पाऊण वाजला होता. "दादा, जागा आहेस ना? तुझ्या खात्यावरून 'उंबरठा' हा एकच शब्द सारखा येतोय." लॅपटॉप उघडून प्रोग्राम थांबवेपर्यंत त्या शब्दाच्या सत्तर पोस्ट झाल्या होत्या. ज्यांनी विश्वासाने सूचना चालू ठेवल्या होत्या, त्यांचे फोन मध्यरात्री वाजत होते. त्याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडं समजून घेऊ. एपीआय म्हणजे प्रोग्रामांसाठी उघडी ठेवलेली खिडकी. क्लायंट लायब्ररी म्हणजे इथल्या टायपिंग सेंटरमधला माणूस. आपण मराठी-हिंदीत सांगतो, तो अरबीत अर्ज नीट भरून देतो. मी 'मॅस्टोडॉन डॉट पीवाय' ही लायब्ररी वापरत होतो आणि तिने तिचं काम चोख केलं. चूक माझ्या सांगण्यात होती.

उत्तरासाठी किती वेळ थांबायचं, ही मुदत लायब्ररीत मुळात 300 सेकंदांची असते. ती मी उतावीळपणे 5 वर आणली. शिवाय लिहून ठेवलं, 'कोणतीही अडचण आली, तर दहा सेकंद थांब आणि पुन्हा पाठव.' त्या रात्री मॅस्टोडॉनचा सर्व्हर संथ होता. पोस्ट पोहोचत होती, नोंदली जात होती, फक्त पोच पाच सेकंदांत परत येत नव्हती. माझा प्रोग्राम ते अपयश समजून नवा अर्ज देत राहिला. पावती मिळाली नाही म्हणून कोणी तोच अर्ज सत्तर वेळा देत नाही. आधी खिडकीवर चौकशी करतो. ती चौकशी मी लिहिलीच नव्हती.

यावरचा उपाय एपीआयमध्ये आधीपासून होता. पोस्ट पाठवताना सोबत 'आयडेम्पोटन्सी की' देता येते. ही आपण ठरवलेली एक खूण. तीच खूण पुन्हा आली, तर सर्व्हर दुसरी पोस्ट तयार न करता पहिलीच परत दाखवतो. लायब्ररीतही त्यासाठी जागा आहे. मी आता तारीख आणि शब्द जोडून ती खूण बनवतो. पण सर्व्हर ती तासभरच लक्षात ठेवतो. त्यामुळे आज काय पाठवलं, याची नोंद माझ्या फाइलमध्येही ठेवतो आणि शंका आली, तर खात्यावरच्या ताज्या पोस्ट आधी वाचतो.

दुसरा धडा पोस्ट पुसताना मिळाला. तीस पोस्ट गेल्या आणि प्रोग्राम गप्प बसला. अडकला असं समजून मी तो बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. एपीआयची कागदपत्रं उघडली, तेव्हा कळलं की एरवी पाच मिनिटांत 300 विनंत्या चालतात, पण पोस्ट पुसायची मर्यादा अर्ध्या तासाला 30 आहे. मर्यादा संपली की लायब्ररी तक्रार न करता मुदत उलटेपर्यंत थांबते. ती तशीच बनवली आहे. थांबण्याऐवजी चूक दाखव, असंही तिला सांगता येतं. उरलेल्या पोस्ट जाता जाता साडेअकरा वाजले. चूक करायला सतरा मिनिटं पुरली, निस्तरायला तासाहून जास्त लागला. म्हणून लायब्ररी हाताशी असली तरी तिच्यामागच्या एपीआयच्या मर्यादा आधी वाचा.

तिसरी गोष्ट वेळेची. मला पोस्ट दोहाच्या संध्याकाळी सातला हवी होती. माझ्या भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ मात्र यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं. तिथले सात म्हणजे इथले रात्रीचे दहा आणि भारतातले साडेबारा. प्रोग्राममध्ये 'एशिया/कतार' असा वेळेचा पट्टा स्पष्ट लिहा. सर्व्हरच्या घड्याळावर विसंबू नका.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण पायथन त्याची लांबी 10 सांगतो, कारण काना, वेलांटी, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. मजकूर लांबला म्हणून आकड्यावर बोट ठेवून कापला, तर 'विद्' असा तुटका शब्द मुलांपुढे जातो. कापायचंच असेल, तर शब्द संपतो तिथे कापा.

लायब्ररीची आवृत्तीही लिहून ठेवा. ट्विटरसाठीची 'ट्वीपी' 2021 मध्ये चौथ्या आवृत्तीला पोहोचली, तेव्हा शोधाच्या आज्ञेचं नाव बदललं आणि चूक पकडायचं जुनं नावही गेलं. आवृत्ती न बांधता नवी उतरवून घेतली, तर चालता प्रोग्राम बंद पडतो. खिडकीचे नियमही कायमचे नसतात. 2023 मध्ये ट्विटरने एपीआयचा जुना मोफत वापर थांबवून महिन्याला पैसे घेणाऱ्या योजना आणल्या. त्यामुळे आपला मूळ मजकूर नेहमी आपल्या फाइलमध्ये हवा.

आणि चावी. प्रोग्रामला फक्त पोस्ट लिहायची आणि वाचायची परवानगी असलेलं टोकन द्या आणि ते कोडमध्ये लिहू नका. चुकून ते कोडसोबत गिटहबवर गेलंच, तर ओळ पुसून भागत नाही, जुन्या नोंदीत ती राहते. टोकन रद्द करून नवं घ्या.

आता मी पुन्हा पाठवायची सोय तीन वेळांपुरती ठेवली आहे, दर वेळी आधीच्या दुप्पट थांबून. चावी चुकली किंवा मजकूरच नाकारला गेला, तर पुन्हा पाठवणं नाही, थेट मला निरोप. तुमचा असा प्रोग्राम असेल, तर एक करा. ज्याला कोणी अनुसरत नाही असं चाचणीचं खातं काढा, मुदत मुद्दाम एका सेकंदाहून कमी करा आणि प्रोग्राम चालू द्या. मग खात्यावर जाऊन पोस्ट मोजा. एकच दिसली, तरच तो प्रोग्राम लोकांपर्यंत पोहोचू द्या.