नाव दुकानाचं, माल कोणाचा?

प्रश्न : मोठ्या मॉलमध्ये दुकानाच्याच नावाचं मीठ, साखर, साबण स्वस्त मिळतं. दर्जा नामांकित कंपन्यांइतकाच असतो का?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर : मीठ-साखर खुशाल घ्या. अशा दुकानसाखळ्या बहुतेकदा माल दुसऱ्याच कारखान्यातून बनवून घेतात, म्हणून पाकिटावर उत्पादक आणि विक्रेता वेगळे दिसतात. वाचतो तो मुख्यतः जाहिरातीचा आणि मधल्या वितरकांचा खर्च. कायदा मात्र दुकानाच्या आणि नामांकित कंपनीच्या मालाला एकच आहे. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दशलक्षात किमान १५ भाग आयोडीन हवंच, नाव कुणाचंही असो. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर डोकेदुखीच्या गोळ्या दुकानाच्या नावाच्या घेण्यात फार्मासिस्ट इतरांपेक्षा पुढे आढळले, आणि मीठ-साखरेच्या बाबतीत व्यावसायिक आचारी. म्हणजे ज्याला माल कळतो, तो नावाला कमी भुलतो.

मग नामांकित कंपनीला दिलेले जादा पैसे वायाच जातात का? तसंही नाही. चहा आणि मसाल्यात दरवेळी तीच चव राखणं हे कसब आहे. ती चव हवी असेल तर पैसे जरूर मोजा. साबणाचं वेष्टन मात्र वाचाच. ‘टॉयलेट सोप’वर टीएफएम, म्हणजे स्निग्धांश, ७६ टक्के किंवा जास्त असेल तर तो पहिल्या प्रतीचा. ‘बेदिंग बार’मध्ये हे प्रमाण बरंच कमी चालतं, आणि असे बार नामांकित कंपन्याही विकतात. शेवटी निव्वळ वजन पाहून किलोमागे भाव काढा. लहान पाकिटाची स्वस्ताई तिथेच उघडी पडते.